१२० सेकंदांत नेमकं काय मोजलं जातं?

(दृश्य: चाचणीचा कागद अगदी जवळून. वर अंक आणि खुणांची पट्टी, खाली रिकाम्या चौकोनांच्या ओळी. टेबलावर स्टॉपवॉच.)

वरच्या पट्टीला म्हणतात किल्ली. एक ते नऊ अंक आणि प्रत्येकाला जोडलेली एक साधी खूण. खाली नुसते अंक आणि त्यांच्याखाली रिकामे चौकोन. अंक बघायचा, किल्लीत त्याची खूण शोधायची, चौकोनात काढायची आणि पुढे सरकायचं. मधला एकही चौकोन सोडायचा नाही. वेळ १२० सेकंद. या उपचाचणीचं नाव कोडिंग. डेव्हिड वेक्सलर यांच्या प्रौढांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीची चौथी आवृत्ती २००८ साली आली, तिच्यात असे १३५ चौकोन आहेत.

समजा, कुणी ६० चौकोन बरोबर भरले. म्हणजे एका चौकोनाला दोन सेकंद. हे कच्चे गुण वयोगटाच्या तक्त्यातून जातात, दुसऱ्या एका उपचाचणीच्या गुणांशी जोडले जातात आणि अहवालात त्यांचं नाव होतं ‘प्रोसेसिंग स्पीड’. सरासरी १००. हे वाचल्यावर पालक विचारतात, ‘म्हणजे याचा मेंदू हळू चालतो का?’

उत्तर देण्याआधी ते दोन सेकंद उघडून बघायला हवेत.

(दृश्य: तोच कागद. डोळ्यांचा मार्ग रेघेने दाखवला आहे: चौकोनावरून किल्लीकडे, किल्लीवरून परत.)

नजर अंकावर. तिथून वर किल्लीत. खूण सापडली की ती मनात धरून परत खाली. मग हात चालतो, खूण काढतो, पेन्सिल उचलतो आणि पुढच्या चौकोनावर ठेवतो. तीसचाळीस चौकोन झाले की काहींना दोनचार जोड्या पाठ होतात आणि त्या अंकांसाठी वर बघायची गरज उरत नाही. काहींना शेवटपर्यंत एकही जोडी पाठ होत नाही, ते प्रत्येक वेळी वर बघतात. म्हणजे नजर, शोध, जोड्या लक्षात राहणं आणि लिहिता हात, या सगळ्यांची बेरीज एकाच आकड्यात येते. शिवाय कंटाळा. दोन मिनिटं तेच ते करत राहणं काही मुलांना खरंच जड जातं.

ही पद्धत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने भरतीसाठी दोन सामूहिक परीक्षा घेतल्या. अल्फा होती वाचता येणाऱ्यांसाठी, बीटा होती निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी. अंकांखाली खुणा भरण्याचा प्रकार बीटामध्ये होता. वाचन नको म्हणून केलेल्या या परीक्षेत उत्तर मात्र पेन्सिलीनेच द्यायचं होतं. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेल्या माणसाची इथेच पंचाईत. वेक्सलर स्वतः त्या काळात सैन्यात परीक्षा घेत होते आणि १९३९ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या चाचणीत हाच प्रकार घेतला.

(दृश्य: डावखुरा हात लिहितो आहे. मनगट वळलेलं, पंजाने किल्लीचा भाग झाकलेला.)

हाताचा हिशेब इथे डोळ्यांनी दिसतो. डावखुरी व्यक्ती मनगट वळवून लिहीत असेल तर तिच्याच हाताने किल्ली झाकली जाते. प्रत्येक खुणेसाठी हात उचला, बघा, परत ठेवा. उपाय साधा आहे आणि सूचनापुस्तिकेतही दिलेला असतो: उत्तरपत्रिकेची दुसरी कोरी प्रत उजव्या बाजूला ठेवायची, म्हणजे तिच्यावरची किल्ली मोकळी दिसते. घाईत हे राहून गेलं तर गुण घसरतात आणि अहवालात त्याचा मागमूस नसतो.

पेन्सिल खोडरबराशिवाय द्यायची, हेही मुद्दाम. रबर दिसला की काटेकोर मुलं खोडत बसतात. रबर नसतानासुद्धा एखादा मुलगा खूण सुबक यावी म्हणून ती पुन्हा गिरवतो. गिरवण्याला गुण नाहीत, सेकंद मात्र जातात. परीक्षक मुकाट्याने स्टॉपवॉच बघत बसला तर त्याच्या कागदावर फक्त कमी आकडा उरतो. मुलगा गिरवत होता ही नोंद त्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

हात वेगळा काढता येतो का? येतो. याच चाचणीच्या १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीत एक ऐच्छिक जोड होती. तिच्यात किल्ली नाही, अंक नाहीत. वर खूण छापलेली, खाली रिकामा चौकोन, फक्त उतरवून काढायची. समजा, आपल्या उमेदवाराला नुसतं उतरवायला एका चौकोनाला १.२ सेकंद लागले. मग दोन सेकंदांपैकी शोधायला आणि लक्षात ठेवायला उरले ०.८. दुसऱ्या कुणाचेही ६० चौकोनच झाले, पण उतरवायला ०.७ सेकंद लागले, तर त्याचा शोध १.३ सेकंदांचा. गुण तेच, अडचणी दोन. पहिल्याचा हात बघायला हवा, दुसऱ्याचं लक्ष आणि स्मरण. अशी वजाबाकी अगदी चोख नसते, कारण हात चालू असतानाच नजर पुढच्या अंकावर गेलेली असते. तरीही एवढ्या कामाची ही जोड चौथ्या आवृत्तीतून काढली गेली. आमच्या मते तो तोटाच झाला.

(दृश्य: दुसरा कागद. या वेळी वर खुणा, खाली लिहायचे अंक.)

एरन स्मिथ यांच्या सिम्बॉल डिजिट चाचणीने, म्हणजे एसडीएमटीने, हाच डाव उलटा मांडला. इथे खूण बघून अंक लिहायचा. अंक लिहिण्याचा सराव शाळेपासून असतो, त्यामुळे हातावरचा ताण कमी होतो. सरावाचे पहिले १० चौकोन सोडून ९० सेकंद. आणि खरी सोय पुढे आहे: लिहायचं नसेल तर अंक नुसता बोलायचा, लिहून परीक्षक घेतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात हात थरथरतो, बोटं बधिर होतात, म्हणून त्या रुग्णांसाठी तोंडी प्रकारच रूढ झाला आहे.

तोंडी प्रकारात सहसा जास्त गुण मिळतात, म्हणून त्याचे तक्ते वेगळे. लेखी गुण तोंडी तक्त्यात बघितले तर माणूस आहे त्यापेक्षा मंद ठरतो. आणि तोंडी म्हणजे निर्धोक असंही नाही. जीभ जड झालेल्या रुग्णाला ‘सात’ म्हणायलाच वेळ लागतो. परीक्षकाचा हात मागे पडला तर रुग्ण त्याच्यासाठी थांबतो. मग परीक्षकाच्या लिहिण्याचा वेग रुग्णाच्या खात्यावर.

आपल्याकडे यात अंकांच्या लिपीची भर पडते. मराठी माध्यमात मूल आधी देवनागरी अंक शिकतं, आणि चाचणीच्या कागदावर बहुधा इंग्रजी अंक असतात. इंग्रजी नऊ आणि देवनागरी १ यांची ठेवण बरीच सारखी. सहासात वर्षांचं मूल तिथे क्षणभर अडखळतं, आणि नऊ तर कागदभर पुन्हापुन्हा येतो. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये तयार केलं, त्यातही कोडिंग आहेच. मूल कोणते अंक सहज वाचतं हे घड्याळ सुरू करण्याआधी तपासायला अर्धा मिनिट लागतो.

अक्षरांचंही तेच. ट्रेल मेकिंग या चाचणीच्या दुसऱ्या भागात एक, ए, दोन, बी असं अंक आणि रोमन अक्षरं आलटून पालटून जोडत जायचं असतं. ज्याला एबीसीडीचा क्रम तोंडपाठ नाही, त्याचा वेळ क्रम आठवण्यात जातो. म्हणून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २००४ च्या चाचणीसंचात अक्षरांऐवजी रंगांचा पर्याय घेतला आहे.

(दृश्य: चिन्हशोधाचा कागद. डावीकडे दोन चिन्हं, उजवीकडे पाच.)

कोडिंगची जोडीदार उपचाचणी म्हणजे सिम्बॉल सर्च. डावीकडच्या दोनपैकी एखादं चिन्ह उजवीकडच्या पाचांत आहे का, एवढंच शोधायचं. इथे काढायचं काही नाही, फक्त एक तिरकी रेघ. त्यामुळे हाताचा वाटा घटतो, पण गुण देण्याची रीत बदलते: बरोबर उत्तरांतून चुकलेली वजा. जुन्या आवृत्त्यांत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरं होती. कुणी न बघता भराभर रेघा मारत सुटला तर निम्म्या बरोबर येणार. ३० बरोबर, ३० चूक, हाती शून्य. कोडिंगमध्ये चुकीच्या खुणेला फक्त गुण मिळत नाही, वजा काही होत नाही. त्यामुळे उतावळ्या मुलाला सिम्बॉल सर्चमध्ये जास्त फटका बसतो, आणि चूक नको म्हणून प्रत्येक चिन्ह दोनदा ताडून पाहणाऱ्याचा दोन्हीकडे तोटा. या दोन गुणांत मोठी तफावत दिसली की सरासरी काढून मोकळं होण्याआधी चुकांची संख्या बघावी.

पासाट या चाचणीत तर वेग माणसाच्या हातातच नाही. ध्वनिफितीवरून एक अंक येतो, तीन सेकंदांनी दुसरा. प्रत्येक नवा अंक त्याच्या लगेच आधीच्या अंकात मिळवून बेरीज मोठ्याने सांगायची. दुसऱ्या फेरीत दोन अंकांमधलं अंतर दोन सेकंदांवर येतं. गणिताची धास्ती असलेला इथे गारद होतो. आणि हुशार माणूस पळवाट काढतो: एक बेरीज सांगायची, पुढची सोडून द्यायची, मग ताज्या जोडीपासून पुन्हा सुरुवात. निम्मे गुण मिळतात, पण जी कसरत मोजायची होती ती झालेलीच नसते. नुसती एकूण बेरीज बघून हे कळत नाही, बरोबर उत्तरं सलग आली की एकाआड एक हे बघावं लागतं.

(दृश्य: टॅब्लेटवर बोट टेकतं. मग पडद्याचं संथ गतीतलं चित्रण.)

कागद जाऊन टॅब्लेट आला की हात सुटला असं वाटतं. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या पाचव्या आवृत्तीत कोडिंग पडद्यावरही घेता येतं. तिथे खूण काढायची नसते, योग्य खुणेवर बोट टेकवायचं. काम बदललं, म्हणून कच्चे गुण थेट कागदी गुणांशी जोडता येत नाहीत, आधी ते कागदी मापात बदलून घ्यावे लागतात. अक्षर बिघडलेल्या मुलाला यात हायसं वाटतं. पण लिहिण्याचा वेग हीच त्याची वर्गातली अडचण असेल, तर पडद्यावरच्या चांगल्या गुणांनी ती झाकली जाते. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून चाचणी करायची असेल तर कागदी प्रकार घ्यावा.

मिलिसेकंदांत प्रतिक्रिया मोजताना यंत्र स्वतःच भर घालतं. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. साधा यूएसबी कीबोर्ड दर आठ मिलिसेकंदांनी तपासला जातो. स्पर्शाच्या पडद्याला त्याहून कितीतरी जास्त उशीर लागतो, आणि तो दर मॉडेलला वेगळा. एकाच यंत्रावर सोपं आणि अवघड काम तुलनेला घेतलं तर ठरावीक उशीर दोन्हीकडून वजा होतो. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या दोन माणसांची तुलना केली की तो मध्ये येतो.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० च्या दशकात लंडनमध्ये लंबकाच्या यंत्रावर हा प्रतिक्रियेचा वेळ मोजला होता. पुरुषांची सरासरी १८० ते १९० मिलिसेकंदांच्या दरम्यान भरली. संगणकावरचे आजचे आकडे त्याहून मोठे, म्हणून २०१३ मध्ये एका शोधनिबंधाने व्हिक्टोरियन माणसं आपल्यापेक्षा चलाख होती असा दावा केला. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका गटाने २३१ मिलिसेकंदांची सरासरी नोंदवली, आणि यंत्रांचा उशीर मोजून वजा केल्यावर ती २१३ झाली. शतकाच्या ऱ्हासातला बराच भाग पडदा आणि बटणात निघाला. हा उशीर मोजता येतो: पडद्याच्या कोपऱ्यात काळ्याचा पांढरा होणारा चौकोन ठेवायचा आणि त्यावर प्रकाश टिपणारा सेन्सर चिकटवायचा.

हात पूर्ण वगळणारी एक रीत आहे, इन्स्पेक्शन टाइम. दोन उभ्या रेघांची एक कमान काही क्षण दिसते, एक रेघ दुसरीपेक्षा लांब. लगेच दुसरं चित्र तिला झाकतं. लांब कुठली, एवढंच सांगायचं, हवा तितका वेळ घेऊन. मोजायचं ते किती कमी वेळ दाखवूनही उत्तर बरोबर येतं ते. पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर १७, ३३, ५० मिलिसेकंद अशाच पायऱ्या मिळतात, मधलं काही दाखवताच येत नाही. शिवाय झाकणाऱ्या चित्रामुळे रेघ हलल्याचा भास होतो आणि काहीजण त्या भासावरूनच उत्तर देतात. म्हणून झाकणाऱ्या चित्राच्या रेघा विजेसारख्या वाकड्यातिकड्या केल्या गेल्या.

(दृश्य: रुग्णालयातला फॉर्म. तारखांखाली दोन आकडे.)

एसडीएमटीत चार गुणांचा फरक पडला तर तो मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णात दखल घेण्याजोगा मानतात. एवढ्या बारीक मापात गेल्या वर्षीची चाचणी लेखी आणि यंदाची तोंडी झाली असेल, तर औषध लागू पडलं असं दिसेल आणि प्रत्यक्षात फक्त पेन्सिल गेलेली असेल. तीच किल्ली परत दिली तर सरावाचे गुण वर चढतात, म्हणून किल्लीचा पर्यायी नमुना वापरायचा. फॉर्मवर गुणांच्या शेजारी नमुना कोणता, तोंडी की लेखी, कोणता हात, कागद की कोणतं यंत्र, आणि अंक कोणत्या लिपीत होते, हे लिहून ठेवायचं.