ब्याऐंशीव्या वर्षी रिटायर, मग ब्लूजचा अल्बम

साल १९७७. न्यूयॉर्कमधलं गोल्डवॉटर हॉस्पिटल. एका नर्सबाईंना सांगितलं जातं, तुमची सत्तरी झाली, नियमाप्रमाणे आता निवृत्ती. गंमत अशी, की बाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या! नर्सिंगला शिरताना वय तब्बल बारा वर्षांनी कमी सांगितलेलं.

या ब्लूज गायिका अल्बर्टा हंटर. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, सुखदुःख सांगणारं गाणं. जन्म १८९५, मेम्फिसचा. पोरवयात घरातून पळून शिकागो गाठलं आणि तिथल्या क्लबांत गाऊ लागल्या. पियानोवादक लव्ही ऑस्टिनबरोबर ‘डाऊनहार्टेड ब्लूज’ रचलं. १९२३ मध्ये ब्लूजची नामवंत गायिका बेसी स्मिथ हिची पहिली रेकॉर्ड निघाली, ती याच गाण्याची. पुढे आई गेली, बाईंनी गाणं सोडलं आणि सरळ नर्स झाल्या.

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच त्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘द कुकरी’ या रेस्टॉरंटात गायला उभ्या राहिल्या. मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला, ‘अ‍ॅमट्रॅक ब्लूज’. निर्माता जॉन हॅमंड, ज्याने १९३३ मध्ये बेसी स्मिथचं शेवटचं रेकॉर्डिंग करवून घेतलं होतं, तोच.

आता ब्लूजचा साचा बघा. चार मात्रांचा एक बार, असे बारा. (टेबलावर ठेका धरत) पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसऱ्या ओळीत उत्तर. आणि ओळ संपली की उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. या अल्बममधली सगळी गाणी या साच्यातली नाहीत बरं का. गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनचं ‘ऑलवेज’सुद्धा आहे. पण बाई गातात ते ब्लूजच्या अंगानेच.

‘नोबडी नोज यू व्हेन यू आर डाऊन अँड आऊट’ ऐका. खिशात पैसा होता तोवर मित्र, तो संपला की ओळखही नाही. हे गाणं रडवेलं करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. बाई रडत नाहीत. आवाजाला खरखर आलीय, पण शब्द न् शब्द कळतो. शेजारीण ओट्यावर बसून झालेली हकिकत सांगते ना, तसं. मला तर हे तरुण आवाजांपेक्षा जास्त पटतं.

आणि ‘माय हँडी मॅन एन्ट हँडी नो मोअर’! वरवर कामाला उपयोगी न उरलेल्या गड्याची तक्रार. आतला अर्थ मी इथे सांगणार नाही, चॅनल बंद पडेल. घरात आजी-आजोबा असतील तर जरा जपून लावा. तसं बघितलं तर गाणारी आजीच आहे म्हणा.