बेदाण्याच्या डब्यावरचा सांगाडा

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पडद्यावर जो लाल डबा दिसतोय, तो तुमच्यापैकी काहींनी अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेत पाहिला असेल. मागे पिवळाधमक सूर्य, पुढे लाल टोपडं घातलेली हसरी मुलगी, तिच्या हातात द्राक्षांनी गच्च भरलेलं ताट. ‘सन-मेड’ बेदाणे. आता पुढचं चित्र बघा. लाल रंग तोच, सूर्य तोच, टोपडं आणि ताटही तेच. फक्त मुलीच्या जागी सांगाडा आलाय. नावातलं एक अक्षर गळलंय: सूर्यकन्येची ‘सन मॅड’ झालीय, उन्हानं पिसाळलेली. आणि तळाशी इंग्रजीत लिहिलंय की हे बेदाणे कीटकनाशकं, कोळीनाशकं, तणनाशकं आणि बुरशीनाशकं वापरून अनैसर्गिकरीत्या पिकवलेत.

हा १९८२ सालचा स्क्रीन प्रिंट आहे. करणाऱ्या बाईंचं नाव एस्टर हर्नांडेझ. मुंबई-पुण्यात हे चित्र दाखवलं की लोक हसतात, ‘कल्पना छान आहे’ म्हणतात. इथे कोणी हसलं नाही, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांकडे बाग तरी आहे किंवा बेदाण्याचं शेड तरी. कॅलिफोर्नियाचा बेदाणा मुख्यतः द्राक्षाच्या ज्या थॉमसन सीडलेस जातीचा होतो, तिच्याच वेलींतून निवडून तासगावकडच्या बागायतदारांनी तास-ए-गणेश ही जात काढली. आणि तो लाल डबा विकणारी संस्था म्हणजे एका मालकाची कंपनी नव्हे. १९१२ साली फ्रेस्नोत उभी राहिलेली ती द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था आहे. सहकार तुम्हाला मी काय सांगणार!

एस्टर यांचा जन्म १९४४चा, गाव दिनुबा. कॅलिफोर्नियाच्या मधोमध सॅन होकिन नावाचं लांबलचक खोरं आहे, त्यात फ्रेस्नोच्या आग्नेयेला हे गाव. आजूबाजूला सगळ्या बागा. घर शेतमजुरांचं, मेक्सिकन आणि याकी वंशाचं. याकी म्हणजे उत्तर मेक्सिकोतले तिथले मूळ रहिवासी. आई भरतकाम करायची, आजोबा सुतार होते आणि फावल्या वेळात देवांच्या मूर्ती घडवायचे, वडिलांना फोटोग्राफीचा नाद. म्हणजे घरात पैसा नव्हता, पण हातात कसब होतं. चित्रकार ‘अचानक’ राजकीय होतो असं आपण चरित्रांत वाचतो, ते मला फारसं पटत नाही. या बाईंच्या बाबतीत तर नाहीच. ज्या पिकाचं चित्र त्यांनी पुढे काढलं, त्याच पिकात त्या लहानपणी राबल्या होत्या.

तिथला बेदाणा कसा होतो तेही सांगते, कारण आपल्यापेक्षा ते वेगळं आहे. आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतो, मग शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतो. तिथे पावसाची भीती कमी. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात मजूर वेलीखाली वाकून, गुडघ्यांवर बसून सुरीनं घड काढायचे आणि दोन ओळींमधल्या जमिनीवर कागदाचे तक्ते अंथरून त्यावर उन्हात पसरायचे. मजुरी तक्त्यावर. जितके तक्ते, तितके पैसे, म्हणून पोरंसोरंही हाताशी. वेलीवर फवारलेलं औषध पानांवरून हातावर येतं आणि हातावरून तोंडात जातं, हे समजायला तिथे कोणाला पुस्तक लागत नव्हतं.

८ सप्टेंबर १९६५ला दिनुबाच्या दक्षिणेला, डिलानो गावात फिलिपिनो मजुरांनी द्राक्षतोडणी बंद केली. आठच दिवसांनी सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. पुढच्या मार्चमध्ये डिलानोहून राजधानी सॅक्रमेंटोपर्यंत पदयात्रा निघाली. पाचशेच्या आसपास किलोमीटर, खोऱ्यातल्या गावागावांतून मुक्काम करत, ईस्टरच्या रविवारी विधानभवनापाशी. यात्रेच्या पुढे काय होतं? ग्वादालुपेच्या कुमारी मातेचा, म्हणजे मेक्सिकन लोक पुजतात त्या मेरीचा झेंडा. तुम्ही वारी पाहिलेली माणसं आहात, संपाच्या मोर्चापुढे देवी कशी चालते याचं नवल तुम्हाला वाटणार नाही. संप पाच वर्षं चालला. अमेरिकाभर गिऱ्हाइकांनी द्राक्षं घेणं सोडलं, तेव्हा कुठे १९७०मध्ये बागायतदारांनी करार केले.

या आंदोलनाला चित्रांची भूक होती. मजुरांचं ‘एल मालक्रियादो’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं. त्याच्या पहिल्या पानावर मेक्सिकोतल्या ‘तायेर दे ग्राफिका पॉप्युलार’ या छापखान्यातले लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेले छापे, छापलेले असायचे. हा तायेर १९३७चा, लिओपोल्दो मेंदेस वगैरे मंडळींनी काढलेला. त्यांच्या मागे होसे ग्वादालुपे पोसादा, १९१३ साली वारलेला, हसणाऱ्या सांगाड्यांचा बादशहा. पोसादाचे सांगाडे दारू पितात, नाचतात, राजकारण करतात आणि ते छापलेले कागद मेक्सिकोच्या रस्त्यावर चिल्लरमध्ये विकले जायचे. तेव्हा ‘सन मॅड’मधला सांगाडा भीती दाखवायला आलेला नाही. मेक्सिकन घरात तो ओळखीचा असतो, मृतांच्या सणाला त्याची साखरेची कवटी पोरं खातात. अमेरिकन गिऱ्हाईक दचकतं, मेक्सिकन मजूर ओळखीचं हसतो. एकच चित्र दोघांशी दोन बोलणी बोलतं. पोस्टरमध्ये हे साधणं सोपं नसतं.

सत्तरच्या दशकात एस्टर बर्कलीच्या विद्यापीठात शिकल्या, १९७६ला पदवी घेतली. चिकानो चळवळ, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची हक्कांची चळवळ, तेव्हा भरात होती. पोस्टरचे मोठे कलावंत मालाकियास मोंतोया त्या काळात तिथेच शिकवत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन वस्तीत बायकांचा ‘मुहेरेस मुरालिस्तास’ हा गट भिंती रंगवत होता, त्यातही एस्टर सामील झाल्या. चळवळीतल्या पुरुषांना शिडीवर चढलेल्या बायकांचं कौतुक किती होतं, यावर मी बोलत नाही. आपल्याकडच्या चळवळींतल्या बायकांना विचारा, उत्तर तेच मिळेल.

शिकत असतानाच, १९७५ला, त्यांनी एक छोटं एचिंग केलं. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईनं रेघा, मग आम्लाची अंघोळ. ग्वादालुपेची माता साडेचारशे वर्षं एका ठरलेल्या मुद्रेत उभी आहे: मान झुकलेली, हात जोडलेले, अंगाभोवती किरणांचं वलय. इथे तिच्या अंगात कराटेचा पोशाख आहे आणि तिनं लाथ झाडलीय, अशी की पाय त्या वलयाच्या बाहेर आलाय. ताऱ्यांचा शेला तेवढा राहिलाय. शीर्षकात लिहिलंय, ती चिकानोंच्या हक्कांचं रक्षण करतेय. यातली गंमत बघा. मोर्चापुढचा झेंडा बायकांच्याच नावाचा होता, पण झेंड्यावरची बाई गप्प उभी. एस्टर यांनी तिला फक्त हलवलं. पुढे अनेक चिकाना, म्हणजे चिकानो बायका असलेल्या, चित्रकर्त्यांनी या मातेला कामाला लावलं, पण पहिली लाथ ही.

आता डब्याकडे परत येऊ. १९७९च्या सुमारास आईकडून एस्टरना कळलं, की दिनुबा भागातलं विहिरींचं पाणी शेतीच्या विषांनी नासलंय. लहानपणापासून हेच पाणी त्या प्यायल्या, त्यातच नाहल्या. खोऱ्यातल्या विहिरींमध्ये डीबीसीपी सापडू लागलं तो हाच काळ. हे मुळांवरच्या सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, मारायला जमिनीत सोडायचं औषध. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या ते बनवणाऱ्या कारखान्यातले पुरुष कामगार एकमेकांशी बोलताना लक्षात आलं, की कोणालाच मूल होत नाहीय. तपासण्या झाल्या, राज्यानं औषध बंद केलं. पण जमिनीत मुरलेलं बंद कोण करणार? ते खाली पाण्यापर्यंत गेलेलं होतं.

पुढचं मला छापा करणारी म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं. आईचं ऐकून त्यांनी दुसऱ्या दिवशी पोस्टर काढलं नाही. ‘सन मॅड’ आलं १९८२ला. मधली वर्षं राग होता, पण रूप नव्हतं. विषारी पाणी कसं दाखवणार? ते तर स्वच्छच दिसतं. आजारी मजूर काढला असता तर बघणाऱ्यानं हळहळून पान उलटलं असतं. शेवटी त्यांनी तो लाल डबा धरला. त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर किंग्जबर्गला त्या संस्थेचा मोठा कारखाना आहे, म्हणजे डबा अगदी घरचाच. डब्यावरची मुलगीही खरी होती, १९१५ला तिचं चित्र काढलं गेलं होतं. तेव्हापासून शेतात काम करणाऱ्या बाईचं एकच रूप अमेरिकेच्या स्वयंपाकघरात पोचलं: गोरी, गुलाबी, न घामेजलेली.

आणि माध्यम निवडलं स्क्रीन प्रिंट. तुमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारा जे करतो तेच. चौकटीवर ताणलेली जाळी, जिथे रंग नको तिथे ती बुजवायची, वरून रबरी पट्टीनं रंग ओढायचा. एका रंगाला एक जाळी. पिवळा सुकला की लाल, मग काळा, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न हलता त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर दातांची रेघ ओठावर चढते. इथे मला त्यांची हुशारी दिसते. सपाट, कडक कडेचे रंग ही डब्याच्या छपाईची भाषा. ब्रशचा फटकारा दिसला असता तर ते ‘चित्र’ झालं असतं, लोकांनी चित्रकाराचं मन शोधलं असतं. इथे मन दिसत नाही, डबा दिसतो. जाहिरातीनं घडवलेला विश्वास जाहिरातीच्याच हातानं मोडलाय. कागद २२ × १७ इंचांचा, भिंतीवर डकवण्याजोगा.

एक बारीक गोष्ट. तळाच्या यादीत चार प्रकारची औषधं आहेत, पण सूत्रकृमीनाशक नाही. म्हणजे मघाशी सांगितलेलं डीबीसीपी ज्या जातीचं, तीच यादीत नाही. मला ते खटकत नाही. पोस्टर म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. तरी बागायतदारांसमोर बोलतेय, तर कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.

आणि एक तुमच्याच आठवणीतलं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, तुमच्या बोलण्यातल्या सीसीसीचा, अंश सापडला. माल अडकला, किती जण बुडाले ते तुम्हीच जास्त सांगाल. त्यानंतर अंश तपासणी घराघरात पोचली. चांगलं झालं. पण ती तपासणी मण्याची असते, खाणाऱ्यासाठी. फवारणाऱ्याच्या रक्ताची आणि वस्तीवरच्या बोअरची तपासणी कोण मागतं? एस्टर यांचं पोस्टर वरवर गिऱ्हाइकाला सांगतं की ‘तू विष खातोयस’. पण सांगाडा खाणाऱ्याचा नाही. टोपडं घालून ताट धरलेली आहे ती तोडणारी बाई.

त्यानंतरची कामं भराभर सांगते. १९८४चं ‘तेहिदो दे लोस देसापारेसिदोस’, म्हणजे बेपत्ता केलेल्यांचं विणकाम. लांबून शालीची सुंदर वीण वाटते. जवळ गेलं की त्या नक्षीत कवट्या आहेत, हेलिकॉप्टरं आहेत, वर रक्ताचे शिंतोडे. विषय ग्वाटेमालातल्या लष्करी कत्तली. २०१०ला अॅरिझोनानं स्थलांतरितांवर कडक कायदा केला, तेव्हा त्यांनी ग्वादालुपेच्या मातेलाच ‘पोलिसांना हवी असलेली’ दहशतवादी म्हणून छापलं. २००८मध्ये त्या डब्याकडे परत आल्या होत्या: ‘सन रेड’, उन्हातली धाड. सांगाड्याच्या अंगात आता मेक्सिकन आदिवासी बाईचा पोशाख, मनगटावर स्थलांतर खात्याचा पट्टा आणि ‘हद्दपारीची हमी’. मिश्तेक, सापोतेक अशा जमातींची नावंही आहेत. विषय महत्त्वाचा, पण छापा म्हणून मला तो पहिल्याइतका लागत नाही. तो वाचावा लागतो. ‘सन मॅड’ दुकानाच्या फळीवर ठेवलं तर क्षणभर तुम्ही ते उचललंच असतं.

आज ‘सन मॅड’ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कला संग्रहालयात आहे. तिथे २०२०ला चिकानो छापाचित्रांचं जे मोठं प्रदर्शन भरलं त्यातही होतं. एस्टर यांची कागदपत्रं स्टॅनफर्ड विद्यापीठानं जपली आहेत. मात्र या कामावर चूल पेटत नाही, हे इथे आलेल्या कलाशाळेच्या मुलांनी ऐकून ठेवा. त्यांनी अनेक वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत ‘क्रिएटिव्हिटी एक्सप्लोर्ड’ या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना चित्रकला शिकवली. नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात जाळी ताणायची, असं ते चाललं.

बाहेर टेबलावर आमच्या मुलांनी तीन रंगांत जाळी कशी बसवतात ते मांडून ठेवलंय. हात काळे करायची तयारी असेल तर एकेक कागद ओढून बघा. त्याआधी प्रश्न घेते. मागचे काका मघापासून हात वर करून आहेत, डीबीसीपीबद्दल असणार. विचारा.