नांगर हाकणाऱ्या पोरासाठी

(दृश्य: फुटलेली पऱ्हाटी. बांधापलीकडे टिनाचं छप्पर असलेलं प्रार्थनाघर.)

ऑक्टोबर सरता सरता विदर्भात पऱ्हाटी फुटू लागते. मजुरी किलोवर, त्यामुळे बायांना रविवारचीही वेचाई चुकत नाही. म्हणून खेड्यातली मंडळी उपासनेला सकाळीच बसते. आजचा रविवार ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या आठवणीचा. 31 ऑक्टोबर 1517 ही जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथरनं चर्चपुढे मांडलेल्या 95 मुद्द्यांची तारीख. पाळक रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांच्या, गोष्टी सांगतात; सुरुवात दगडमार सोसणाऱ्या स्तेफनापासून, पहिल्या ख्रिस्ती रक्तसाक्षीपासून. पण शेतीवर जगणाऱ्या या मंडळीला सगळ्यात जवळचा वाटावा, तो बायबल इंग्रजीत आणणारा विल्यम टिंडेल.

देवानं आयुष्य दिलं तर नांगर हाकणाऱ्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त शास्त्र कळेल असं करीन, असं त्यानं एका शिकलेल्या धर्मपंडिताला सुनावलं होतं. इंग्लंडात तेव्हा परवानगीशिवाय बायबल इंग्रजीत आणणं गुन्हा होता. टिंडेल जर्मनीला गेला. 1526 मध्ये वर्म्सला त्यानं इंग्रजीत आणलेला नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छापून झाला आणि कापडाच्या गाठींत दडून इंग्लंडात पोचला. लंडनच्या बिशपनं हाती लागलेल्या प्रती जाळल्या. पुढे मैत्री दाखवणाऱ्या एकानं टिंडेललाच पकडून दिलं. ऑक्टोबर 1536 मध्ये, ब्रसेल्सजवळ, त्याचा गळा आवळून प्रेत जाळण्यात आलं. जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचं, भाषांतर अर्धंच राहिलं.

(दृश्य: संडे स्कूलची मुलं, जमिनीवर बसलेली.)

सुधारकांचं गुणगान करताना एक पान सहसा उलटलं जात नाही. झुरिकनं सुधारणा स्वीकारली होती, आणि त्याच झुरिकनं जानेवारी 1527 मध्ये फेलिक्स मांझला लिमात नदीत बुडवून मारलं. बाप्तिस्मा प्रौढांनाच द्यावा, असा त्याचा आग्रह होता. मुलांना ल्यूथर सांगायचा, तर मांझही सांगावा.

मराठीत टिंडेलच्या वाटेनं गेल्या पंडिता रमाबाई. 1897 च्या आसपासच्या दुष्काळात मध्य प्रांतातून (नागपूर तेव्हा त्याची राजधानी) त्यांनी निराधार बायका-मुलींना आश्रय दिला. बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

(दृश्य: टाकळघाट, जिल्हा नागपूर. शिळावर्तुळं.)

आणि हा घरचा माणूस. स्कॉटलंडहून आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची ही प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याला कुणी मारलं नाही, तेव्हा रक्तसाक्षींच्या यादीत त्याला ओढूनताणून बसवू नये. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या टिपणांविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. आपलं शास्त्र सांगायला आलेल्या या माणसानं गोंडांच्या लिंगोचं (त्यांच्या पुराणकथेतल्या वीराचं) गाणं परधानाकडून (गोंडांच्या गाणी गाणाऱ्या भाटाकडून) मिळवून गोंडीतच उतरवून ठेवलं होतं. ते कागद 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले.