चादरीचाही भार सोसेना

श्रोतेहो, नमस्कार.

परवा दवाखान्यात एक गृहस्थ आले. एक चप्पल पायात, दुसरी हातात. उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालबुंद, कातडी ताणून चकाकलेली. "डॉक्टर, पहाटे तीनला कळेनंच जाग आली. चादरसुद्धा टेकू देववत नाही." मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी तेल चोळलेलं. आदल्या रात्री भाच्याची हळद होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

हा गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड दर शंभर मिलिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पुरतं विरघळून राहत नाही. पाक गार झाला की कडेला साखर धरते ना, तसे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. पाय हा शरीराचा त्यातल्या त्यात थंड भाग, म्हणून बहुधा अंगठ्यापासूनच सुरुवात.

अशा वेळी चोळू नका. पाय उशीवर ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप असेल तर सांध्यात पू झालेला नाही ना, हे आधी बघावं लागतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, कॉल्चिसीन किंवा स्टेरॉईड, यांतलं काय द्यायचं ते तुमच्या किडनीवर आणि साखरेवर ठरतं. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीत हेच कॉल्चिसीन असतं; पण तिचा कंद उगाळून घेणं म्हणजे विष घेणं. आणि ऐन दुखण्यात युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यावर विसंबू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

आपल्याकडे पहिली गदा येते ती वरणावर. बिचारी डाळ! खरे गुन्हेगार कलेजी, तारली, बिअर आणि बाटलीतली गोड पेयं. तरी नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड थोडंच उतरतं. झटके वारंवार येत असतील तर ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी लागते: कमी डोसपासून वाढवत, आकडा 6च्या खाली येईपर्यंत. पहिले काही महिने अधूनमधून झटका येतो, म्हणून ती सोडायची नाही. अंगावर पुरळ उठलं तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

तीन आठवड्यांनी ते गृहस्थ दोन्ही चप्पल घालून आले. वर्षातला हा तिसरा झटका होता, म्हणून गोळी लिहून दिली.

"किती दिवस घ्यायची?"

"बीपीची किती दिवस घेताय?"

"बारा वर्षं झाली."

"मग हीपण त्याच डबीत ठेवा."