काका पटकन, मामा सावकाश

[दृश्य: कीबोर्डवर दोन हात, कॅमेरा वरून.]

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या प्रमाण मांडणीवर, 'काका' टाइप करा. मग 'मामा' करा. दोन्ही शब्दांना चारच कळा लागतात, तरी काका झटकन उमटतात आणि मामा रेंगाळतात.

क उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली आहे, 'के'च्या कळेवर. काना डाव्या मधल्या बोटाचा, 'ई'च्या कळेवर. उजवं बोट क दाबतं तेवढ्यात डावं बोट कान्यावर जाऊन तयार असतं. 'मामा'चं तसं नाही. म खालच्या ओळीत 'सी'वर, काना वरच्या ओळीत, आणि दोन्ही कळा त्याच डाव्या मधल्या बोटाच्या. कळांच्या दोन ओळींमध्ये साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे एका मामासाठी हे बोट जवळपास चार सेंटिमीटरची उडी तीनदा मारतं.

आल्टो आणि केंब्रिज विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १,६८,००० जणांच्या इंग्रजी टायपिंगची नोंद तपासली. वेगवान टायपिस्ट पहिली कळ सुटायच्या आतच पुढची दाबतात, हे त्यात ठळकपणे दिसलं. एकाच बोटाला ते शक्यच नाही. वेग तिथेच गळतो.

[दृश्य: कीबोर्डचा आराखडा, अक्षरं एकेक करून उजळतात.]

इनस्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये पुढे आणली. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही ती आहे. तत्त्व साधं: डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. व्यंजन, मग स्वरचिन्ह. उजवा, मग डावा. मराठीला हा ताल छान मानवतो.

बोटं ठेवायची मधल्या ओळीवर. डाव्या करंगळीपासून: ओकार, एकार, पाय मोडायचं चिन्ह आणि पहिली वेलांटी. उजव्या तर्जनीपासून: र, क, त, च. 'एफ' आणि 'जे' या कळांवर बारीक उंचवटा असतो. म्हणजे पहिली वेलांटी आणि र ही अक्षरं बोटांना न बघताही सापडतात, आणि बाकी सगळं त्यांच्यापासून मोजायचं.

कळांवर मराठी अक्षरांची स्टिकरं लावू नका. ती असली की नजर खाली जाते, आणि एकदा गेली की महिनोन्‌महिने जातच राहते. आराखड्याचा कागद पडद्याशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावा.

आता मोजमाप. टायपिंगच्या हिशेबात पाच कळा म्हणजे एक शब्द. मराठीत मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० कळा, सेकंदाला अडीच. ऐकायला हे काहीच वाटत नाही. म्हणूनच मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं साधन, लावून बघा. मिनिटाला ८० ठोक्यांपासून सुरुवात, प्रत्येक ठोक्याला एकच कळ. सोपं अक्षर आलं म्हणून पुढे पळायचं नाही. शंभर कळांमागे दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर पाच ठोके कमी करा. दोन दिवस त्याखाली राहिल्या तर पाच वाढवा. १५० ठोक्यांवर तुम्ही ३० शब्दांना पोचलेले असता.

[दृश्य: जवळून, उजवी तर्जनी. 'लहर' हा शब्द संथ गतीत.]

आता मुख्य अडचणीकडे. हे बोट नीट बघा. ल खालच्या ओळीत, ह वरच्या, र मधल्या. 'लहर' हा अख्खा शब्द एकट्या उजव्या तर्जनीचा आहे. 'बहर', 'सहल', 'सबल' हेही तिचेच, कारण ब, ह, प, र, ल आणि स ही सहा अक्षरं तिच्याच वाट्याला आली आहेत. मराठीत ती किती वेळा येतात ते सांगायला नको. डाव्या तर्जनीची कथा वेगळी नाही. न, व, पहिली आणि दुसरी वेलांटी, ऱ्हस्व आणि दीर्घ उकार. 'नवीन' लिहा: न, व, वेलांटी, न. चारही वेळा तेच बोट.

अशा शब्दांत कळ जोरात आपटून काही साधत नाही. आपटलेलं बोट उचलायला वेळ जास्त लागतो. कळ हलकेच दाबायची आणि बोटाबरोबर पूर्ण पंजा थोडा पुढे-मागे सरकू द्यायचा. मनगट टेबलाला टेकलेलं असेल तर पंजा सरकत नाही, बोट ताणलं जातं आणि शेजारची कळ दाबली जाते. 'लहर'चं 'लगर' झालं की समजा, बोट 'यू'वरून 'आय'वर घसरलं.

मामांसाठी एक पळवाट आहे. नेहमीच्या कीबोर्डवर 'सी'ची कळ 'डी'च्या बरोबर खाली नसते, किंचित उजवीकडे सरकलेली असते. डाव्या तर्जनीला ती सहज पोचते. म तर्जनीने आणि काना मधल्या बोटाने घेतला की मामाही पळायला लागतात. 'आम्ही'तही फरक पडतो, कारण तिथे आ, म आणि पाय मोडणं ही तिन्ही कामं नियमानुसार मधल्या बोटाकडेच येतात. तोटाही आहे: 'मन' आणि 'नमन' आता तर्जनीवर गोळा होतात. आमच्या मते, आधी नियमाची बोटं पक्की करावीत, सवलत नंतर घ्यावी. आज एक बोट, उद्या दुसरं, हे सगळ्यात वाईट.

मराठीत पदोपदी येणारा तुकडा म्हणजे 'च्या'. च, पाय मोडणं, य, काना. हात आलटून-पालटून येतात, पण च आणि य दोन्ही उजव्या करंगळीचे, आणि य खालच्या ओळीत. 'च्या' चार कळांचा एकच झटका म्हणून बसवा, मग 'त्याच्या', मग 'आमच्या'.

[दृश्य: शिफ्टची कळ, जवळून.]

शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताची. ख उजव्या हाताचा, तर शिफ्ट डाव्या करंगळीने. आ डाव्या हाताचा, तर शिफ्ट उजवीकडची. शिफ्ट उशिरा सुटली की 'खत'चं 'खथ' होतं आणि 'शाळा'ची 'शआळआ'. 'भर'चं 'भऱ' होतं तेव्हा तर चूक दिसतही नाही, खाली फक्त एक बारीक टिंब येतं.

ज्यांचा हात जुन्या टंकलेखन यंत्रावर बसलाय, ते पहिली वेलांटी व्यंजनाआधी मारतात. इनस्क्रिप्टमध्ये ती व्यंजनानंतर येते, आणि रफारही उच्चाराच्या क्रमाने: 'धर्म'साठी ध, र, पाय मोडा, म. 'दुसऱ्या' लिहिताना मात्र साधा र चालत नाही. शिफ्ट धरून 'जे' दाबा, मग पाय मोडा, मग य.

बॅकस्पेसचं गणित वेगळं आहे. शिफ्ट आणि सात दाबलं की क्ष एका फटक्यात येतो, पण आत तो क, पायमोड आणि ष असा तीन तुकड्यांचा असतो. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एका वेळी एकच तुकडा पुसतो. 'क्षि' पूर्ण पुसायला चार बॅकस्पेस लागतात. दोनच मारले तर पाय मोडलेला क मागे उरतो आणि पुढच्या अक्षराला चिकटून बसतो.

[दृश्य: वही, पेन, शेजारी कीबोर्ड.]

रोज पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत एखादा अनोळखी परिच्छेद ठोक्यांवर टाइप करा आणि जिथे हात थांबला ते शब्द वहीत टिपा, दहापेक्षा जास्त नकोत. दुसऱ्या बैठकीत फक्त तेच शब्द, प्रत्येकी वीस वेळा, आधी सुटे आणि मग वाक्यात. एखादा शब्द सलग तीन दिवस अडला नाही की तो खोडा आणि त्याच्या जागी नवा लिहा.