राजा पायउतार कसा होणार?

मित्रहो, विषय मायक्रोनेशनमधल्या राजेशाहीचा असला तरी सुरुवात मी आपल्या नागपूरच्या महाल भागातून, भोसल्यांच्या राजधानीतून करतो. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राणीवशातून दत्तकाचा आग्रह झाला, डलहौसीनं तो मानला नाही, आणि १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. गादीवर पुढे कोण, हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या हाती, त्याच्याच हाती राज्य असतं.

मायक्रोनेशन म्हणजे मूठभर माणसांनी स्वतःच जाहीर केलेला देश. बाकीचं जग त्याला मान्यता देत नाही. तिथल्या राजाकडे ना फौज, ना वसुलीची ताकद. प्रजा रुसली तर उठून चालती होते. मग राजेशाहीत सुधारणा सोपी असायला हवी. ती होत नाही, कारण बहुतेक ठिकाणी राजा हाच संस्थापक असतो. देश त्याच्या डोक्यातून निघालेला, जमीन बहुधा त्याच्याच नावावर.

तालोसाचं बघा. १९७९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत रॉबर्ट बेन मॅडिसन या १४ वर्षांच्या मुलानं आपली खोलीच राज्य म्हणून जाहीर केली. पुढे नागरिक आले, पक्ष झाले, संसद झाली. राज्य खोलीबाहेर गेलं, तरी २००४ साली राजा मॅडिसनच होता. त्याच साली काही नागरिक फुटून निघाले आणि त्यांनी वेगळं प्रजासत्ताक मांडलं. पुढच्या वर्षी मॅडिसन पायउतार झाला. दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र यायला २०१२ उजाडलं. राजाला दूर करण्याची वाट सर्वांना पटेल अशी आखलेली असती, तर ही फाटाफूट टळली असती असं मला ठामपणे वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या हट रिव्हरमध्ये गव्हाच्या कोट्यावरून भांडण झालं आणि लेनर्ड कॅसली या शेतकऱ्यानं १९७० साली वेगळी चूल मांडली. २०१७ साली त्यानं गादी मुलाला दिली. गादीबरोबर करांची मोठी थकबाकीही आली आणि २०२०मध्ये ते राज्य संपलं.

मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं ते इटलीतलं सेबोर्गा. लिगुरियाच्या डोंगरातलं जेमतेम तीनेकशे वस्तीचं गाव. फुलांची शेती करणारे जॉर्जो कार्बोने यांनी १९६०च्या दशकात स्वातंत्र्याचा दावा मांडला आणि गावानं त्यांना राजपुत्र, म्हणजे तिथला राजाच, निवडलं. २००९ साली ते वारेपर्यंत तेच होते. त्यांच्यानंतर मात्र राजपद सात वर्षांच्या मुदतीनं मतदानावर आलं. २०१९च्या निवडणुकीत खुद्द कार्बोने यांची मुलगी उभी होती आणि ती हरली. नीना मेनेगात्तो निवडून आल्या. संस्थापकाचं रक्त मतपेटीत हरतं आणि तरी राज्य टिकतं, याहून मोठी सुधारणा कोणती?

कुणी म्हणेल, निवडून आलेला राजा हा राजाच नव्हे. वंशपरंपरा ठेवायची तर ठेवा, पण हटवण्याचं कलम तरी घाला. लिश्टेनस्टाइन हा तर खराखुरा, मान्यताप्राप्त देश. तिथं २००३च्या घटनादुरुस्तीनं १५०० नागरिकांना राजपुत्रावर अविश्वासाचा ठराव मांडण्याचा हक्क दिला. राजेशाहीच रद्द करण्याची प्रक्रियाही तितकेच नागरिक सुरू करू शकतात. आणि हे लक्षात घ्या, त्याच दुरुस्तीनं राजपुत्राचे अधिकार वाढवले होते! अधिकार मोठे ठेवायचे तर बाहेरची वाटही तेवढीच रुंद हवी.

राहिला प्रश्न, संस्थापकाचं मन वळवायचं कसं. याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. औंधचं संस्थान ७२ गावांचं. किर्लोस्करवाडीला जागा देणारे, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९पासून गादीवर होते. दारात कुणी बंडखोर उभा नव्हता. तरी त्यांनी गांधीजींचा सल्ला घेतला, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन मसुद्याला बसले, आणि १९३९ साली ग्रामपंचायतींच्या पायावर रचलेली घटना राजांनी स्वतः लागू करून कारभार प्रजेच्या हाती दिला. तुमच्यापैकी कुणी अशा चिमुकल्या राज्याचा नागरिक असेल, तर औंधची ती घटना आपल्या राजाला वाचायला द्या, आणि तो धट्टाकट्टा, लोकप्रिय आहे तोवरच द्या.