आकडा स्वच्छ, उत्तर गडबडीचं

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं सावरून)

सुरुवात एका आजींपासून करतो. वॉर्डात स्क्रीनिंगचं, म्हणजे पेशंटकडून स्क्रीनवर प्रश्नावली भरून घ्यायचं, काम बघायला बसलो होतो, सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, टॅबलेट देते हां, सावकाश करा", आणि आजींनी तोंड उघडलं आणि पाण्याचा ग्लास शोधायला लागल्या. सगळे हसले, मीही हसलो, आजीपण हसल्या. पण नंतरची 10 मिनिटं मी जे बघितलं ते हसण्यासारखं नव्हतं.

आजी कुशीवर झोपलेल्या. टॅबलेट हातात घेतला की स्क्रीन फिरायची. त्यांनी मान वळवली की हात हलायचा, हात हलला की स्क्रीन परत फिरायची. उजव्या हाताला सलाईन, म्हणून डाव्या हाताने टॅप. चष्मा कुठे, तर पिशवीत, आणि पिशवी कपाटात. बोटं कोरडी, त्यामुळे पहिला टॅप लागायचा नाही, मग त्या दोनदा तीनदा दाबायच्या, जोरात. आणि आपला फॉर्म कसा बनवला होता, तर उत्तराला हात लावला की आपोआप पुढचा प्रश्न. आम्हाला त्याचं फार कौतुक होतं, एक टॅप वाचला म्हणून.

आता काय होत होतं ते नीट बघा. आजी "जवळजवळ रोज" वर दोनदा दाबतात, पहिल्या दाबण्याने उत्तर जातं, प्रश्न बदलतो, आणि दुसरं दाबणं पुढच्या प्रश्नाच्या त्याच जागेवर पडतं, तिथेही "जवळजवळ रोज"च लिहिलेलं असतं. म्हणजे एक प्रश्न त्यांनी वाचलाच नाही आणि त्याला 3 मार्क पडले. मागे जायचं बटण नव्हतं. तो फॉर्म पीएचक्यू-9 चा होता, डिप्रेशनच्या स्क्रीनिंगचा, 9 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27, आणि साधारण 10 किंवा त्याहून जास्त झाले की डॉक्टरांनी जास्त खोलात विचारावं असं धरतात. एखाद्याचे खरे 8 असतील तर अशा एका चुकून पडलेल्या टॅपने 11 होतात. कॉम्प्युटरवर काय दिसतं? 11. छान, स्वच्छ, तारीख-वेळेसकट.

मला आज एवढंच सांगायचंय खरं तर. दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये स्क्रीन वाईट असली की माणूस वैतागतो आणि बंद करतो, आपल्याला कळतं तरी. पेशंट बंद करत नाही. तो कसंबसं पुरं करतो, कारण समोर सिस्टर उभ्या असतात आणि त्यांना बिचाऱ्यांना अजून सहा बेड बाकी असतात. फॉर्म पूर्ण होतो, रिपोर्टमध्ये "कम्प्लीट" येतं, मीटिंगमध्ये टाळ्या पडतात, आणि आत काय भरलंय ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून वापरायला सोपं असणं ही स्क्रीनिंगमध्ये सजावट नाही हो, तो तपासणीच्या अचूकपणाचाच भाग आहे. बीपीच्या मशीनचा पट्टा सैल बांधला तर आपण आकडा मानत नाही ना, मग इथे का मानतो?

हे काम काही कालचं नाही. 1966 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला वॉर्नर स्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंक नावाच्या कॉम्प्युटरवर पेशंटला थेट प्रश्न विचारण्याचं आपलं काम छापून आणलं, ॲलर्जीची हिस्टरी घेत होते. आणि मला त्यात आवडणारी गोष्ट म्हणजे उत्तरांत "हो" आणि "नाही" च्या जोडीला "माहीत नाही" आणि "प्रश्न कळला नाही" हेही होतं. 1966 मध्ये! आज आपण बनवलेले निम्मे फॉर्म उघडून बघा, "कळला नाही" म्हणायची सोयच नसते, वर लाल चांदणी असते, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग माणूस काय करतो, काहीतरी दाबतो. आपण त्याला खोटं बोलायला लावतो आणि वर डेटा पूर्ण आहे म्हणून खूश होतो.

बरं, मग माणसानेच विचारावं ना, कशाला कॉम्प्युटर, असं मला दर वेळी कोणीतरी विचारतंच. कारण काही गोष्टी माणूस माणसाला सांगत नाही. 1998 मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, 15 ते 19 वयाच्या मुलग्यांना काहींना कागदावर आणि काहींना हेडफोन लावून कॉम्प्युटरवर तेच प्रश्न विचारले. दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आला होता हे कागदावर 1.5 टक्क्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरवर 5.5 टक्क्यांनी. ही कॉम्प्युटरची खरी ताकद. पण ती ताकद वॉर्डात कशी वाया जाते बघा. दारूचे प्रश्न, ऑडिट म्हणतात त्याला, 10 प्रश्न आहेत, आणि काका टॅबलेट धरून बसलेत, शेजारी काकू, आणि काकूच मोठ्याने वाचतायत, "किती वेळा पिता?" आणि काका काही बोलायच्या आत काकूच म्हणतात, "लिहा, कधीच नाही." आता याला प्रायव्हसी म्हणायचं का? आपण सर्व्हरवर एन्क्रिप्शन करतो आणि बेडपाशी सगळं उघडं.

हेडफोनवर प्रश्न ऐकवणं हा यावर चांगला उपाय आहे, चष्मा नसलेल्याला आणि वाचता न येणाऱ्यालाही चालतो. फक्त बटणांवरची अक्षरंही ऐकू आली पाहिजेत, नुसता प्रश्न ऐकवून उत्तरं वाचायला लावली तर काय उपयोग. आणि नातेवाइकांना बाहेर जा म्हणायचं काम पेशंटवर टाकू नका, ते सिस्टरनी आधीच सहज म्हणायचं, "हे त्यांचं त्यांना भरू दे, तुम्ही तोवर चहा घेऊन या." कोणी रागावत नाही.

भाषांतराचं एक सांगतो, कारण हे आमच्याच हातून झालंय. "सेव्हरल डेज"ला आम्ही पहिल्या मसुद्यात "बरेच दिवस" लिहिलं. मूळ पीएचक्यू-9 मध्ये हे 1 मार्काचं उत्तर आहे आणि त्याच्या वर 2 मार्काचं "अर्ध्यापेक्षा जास्त दिवस". आता मराठी माणसाला "बरेच दिवस" म्हणजे चिक्कार वाटतात! एका मावशींनी मला सरळ विचारलं, "बरेच मोठे का अर्ध्यापेक्षा जास्त मोठे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग "काही दिवस" केलं. पण म्हणून जो तो उठून शब्द बदलायला लागला तरी चालणार नाही, कारण ती 10 ची रेघ त्या ठराविक शब्दांवर उभी आहे, शब्द बदलले तर परत पडताळून बघायला लागतं, जुनी रेघ तशीच लावता येत नाही. अक्षर मोठं करा, जागा सोडा, शब्दांना मात्र जपून हात लावा.

आणि काही गोष्टी स्क्रीन कितीही चांगली केली तरी सुटत नाहीत. झोप नीट लागत नाही, भूक नाही, थकवा आहे, हे सगळे त्याच 9 मधले प्रश्न, आणि ॲडमिट असलेल्या कुठल्या माणसाला हे नसतं सांगा? एका काकांना विचारलं, काही करण्यात रस वाटतो का, तर म्हणाले, "इथे करायला आहे काय?" बरोबर आहे त्यांचं. हा आकडा म्हणजे निदान नाही, दार वाजवणं आहे फक्त, दार उघडून आत बोलायचं काम डॉक्टरांचं.

नववा प्रश्न तर वेगळाच. स्वतःला इजा करण्याचे, मेलेलं बरं असे विचार येतात का. याचं उत्तर "नाही" सोडून काहीही आलं तर ते कोणाकडे जातं? एका ठिकाणी मी हे विचारलं तर उत्तर आलं, सिस्टिममध्ये जातं. सिस्टिममध्ये म्हणजे कोणाकडे? कोणालाच सांगता येईना. माणसाने धीर करून जे आईलाही सांगितलं नसेल ते तुमच्या स्क्रीनवर दाबलं, आणि स्क्रीन काय म्हणते, "धन्यवाद, आपला फॉर्म सबमिट झाला आहे." हे मला अजून आठवतं. कोणाच्या फोनवर वाजणार, तो ड्यूटीवर नसेल तर मग कोणाच्या, किती मिनिटांत माणूस बेडपाशी पोचणार, हे ठरलं नसेल तर तो प्रश्न विचारूच नका असं मी स्पष्ट सांगतो, त्यावर माझ्याशी भांडणारेही आहेत, भांडोत.

आता टेस्टिंगबद्दल, थोडक्यात. एसयूएस नावाची 10 वाक्यांची प्रश्नावली आहे, एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी, जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये केलेली, 100 पैकी स्कोअर येतो, 68 च्या आसपास सरासरी धरतात. आम्ही पेशंटना दिली, भरघोस मार्क मिळाले. त्याच आजींनीही "छान आहे हो" म्हणून भरभरून दिले, ज्यांचा एक प्रश्न न वाचताच गेला होता! माणसं भली असतात, उपचार चालू असताना कोण नावं ठेवेल. म्हणून विचारू नका, बघत बसा. 5 जणांना बसवलं की सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात असा जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञाचा हिशोब सगळे सांगतात, पण ते 5 एकसारखे असतील तर. एक कुशीवर झोपलेला, एक हात थरथरणारा, एक नुकतंच वाचायला शिकलेला, हे तिघं तीन वेगळे गट झाले. आणि मीटिंग रूममधल्या खुर्चीत बसवून टेस्ट करू नका, बेडवर करा, सलाईनच्या हाताला खरंच पट्टी बांधून करा. आमच्या प्रोग्रामरला एकदा तसं झोपवलं, 5 मिनिटांत उठून म्हणाला स्क्रीन फिरणं आधी बंद करतो.

तर स्क्रीन फिरणं बंद केलं. "पुढे" असं वेगळं मोठं बटण आलं, म्हणजे टॅप वाढले, दमलेल्या माणसाला तो त्रासच आहे, पण मी तो त्रास पत्करतो. नवीन प्रश्न आला की अर्धा सेकंद काहीच दाबलं जात नाही. मागे जाता येतं. "सांगायचं नाही" आणि "कळलं नाही" ही उत्तरं सगळीकडे टाकली, आणि त्यातलं एखादं आलं की बेरीज होत नाही, फॉर्म सिस्टरकडे येतो. याने "कम्प्लीट" फॉर्म कमी झाले आणि ग्राफ खाली गेला, त्यावरून मला बोलावून घेतलं होतं, ग्राफ खाली का म्हणून.

आजींच्या वॉर्डात नंतर परत गेलो, त्या घरी गेल्या होत्या. तिथल्या सिस्टर आता "टॅबलेट देते" म्हणत नाहीत, "पाटी देते" म्हणतात.